औटी बाईंच्या वाट्याचा चहा

ती ओळ मी खोडली. रबरानं, व्यवस्थित, कागद न चुरगळता. खोडून झाल्यावर वहीवर फुंकर मारली आणि चुरा टेबलावरून हातानं खाली लोटला. फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. त्या अर्ध्या मिनिटापायी कुसुम औटी नावाच्या एका बाईंना एका वस्तीवर सहा वर्षं कुणी चहा विचारला नाही, आणि त्या सहा वर्षांत मी त्यांच्या शेजारी बसून माझा चहा पीत राहिलो.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. कॉलेजच्या अंकासाठी त्यांच्यावर लिहायला मला सांगितलंय. "त्यांच्या कामावर लिहा बरकडे सर, स्वतःचं फार आणू नका," असंही सांगितलंय. प्रयत्न करतो. पण बाईंचं काम सांगायचं तर मधे ती खोडलेली ओळ येते, आणि तिला वळसा घालून जायची वाट मला सापडलेली नाही.

बाई आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायच्या. राहायला वारूळवाडीत, दोन खोल्यांत, एकट्या. पाचवारी साडी आणि खाली पुरुषांचे खेळाचे बूट. अंबाड्यात एक शिसपेन्सिल खोचलेली. हातात काळी छत्री, तिच्या दांड्यावर ब्लेडनं पाडलेल्या खुणा. ती छत्री त्यांनी पावसात कधी उघडलेली मला आठवत नाही. तिनं त्या बांधाची उंची मोजायच्या, विहिरीच्या काठावरची ओल मोजायच्या, आणि वर्गात कुणी पेंगत असेल तर तिच्याच टोकानं बाक वाजवायच्या. पिशवीत स्टीलचा पेला. ज्या विहिरीवर जातील तिथलं पाणी आधी पेल्यात घ्यायचं, स्वतः प्यायचं आणि सोबतच्या प्रत्येकाला प्यायला लावायचं.

"काय लागतंय जिभेला?"

"बाई, तपासल्याशिवाय पिऊ नये," मी पहिल्या दिवशी म्हणालो. मी रसायनशास्त्राचा. पाणी बाटलीत घ्यायचं, चिठ्ठी लावायची, प्रयोगशाळेत न्यायचं, एवढीच मला सवय.

"लोक रोज पितात ते. तुम्ही एकदा प्या. आधी जीभ, मग बाटली."

मी प्यायलो. मचूळ होतं. तसं म्हणालो, तर बाईंनी माझ्याच वहीत लिहिलं: मचूळ, बरकडे. आकडा नंतर आला. मला राग आला होता, कारण आकड्यानंही तेच सांगितलं.

ते काम सुरू झालं त्याची गोष्ट अशी. आंबेगावच्या पूर्वेला, लोणीच्या बाजूला, पाण्याचे हाल असलेल्या काही वस्त्या आहेत. तिथला एक ग्रामपंचायत सदस्य बाईंकडे आला. "बाई, तुमी भूगोलाच्या. हीर कुटं घ्यावी ते बोट ठिवून सांगा, आमी खांदतो." बाईंनी बोट ठेवलं नाही. त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, "एकट्या भूगोलाला नाही सांगता येणार. मला माणसं गोळा करू द्या." दुसऱ्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये माणसं वेचत फिरल्या. अर्थशास्त्राचे भोर सर, मी आणि वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम. त्या मॅडम पुढं बदली होऊन गेल्या, म्हणून इथं तिघांचंच सांगतो.

"माझा संबंध बाटलीतल्या पाण्यापुरता," मी म्हणालो.

"बरं. मग बाटलीत यायच्या आधी ते कुठं होतं, ते मला कोण सांगणार? बाटली?"

भोर सर खदखदून हसले. पुढची पाळी त्यांची होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

बाईंच्या कामाची एक रीत होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. आठवडाभर प्रत्येकानं आपापल्या वहीत लिहायचं आणि शनिवारी दुपारी वह्या बदलायच्या. माझी वही भोरांकडे, भोरांची बाईंकडे, बाईंची माझ्याकडे. पुढच्या शनिवारी फेरी पुढं सरकायची. दुसऱ्याची वही वाचताना जे समजणार नाही तिथं समासात पेन्सिलीनं 'कळलं नाही' असं लिहायचं. खाडाखोड करायची नाही, चूक काढायची नाही, शहाणपण सांगायचं नाही. फक्त 'कळलं नाही', आणि काय कळलं नाही ते एका ओळीत. ज्याची वही त्यानं त्या ओळीचं उत्तर दिल्याखेरीज पुढचं पान उलटायचं नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण वीस वर्षं एकच विषय शिकवलेल्या माणसाच्या समासात 'कळलं नाही' असं चारदा आलं की कान तापतात. भोरांनी एका वस्तीबद्दल लिहिलं होतं, पाणी आणायला घरटी चाळीस मिनिटं लागतात. बाईंनी समासात लिहिलं: कळलं नाही. चाळीस मिनिटं कुणाची?

"कुणाची म्हणजे? सरासरी आहे बाई."

"सरासरीच्या डोक्यावर हंडा ठेवून बघितलात का?"

पुढच्या आठवड्यात भोर सर त्या वस्तीवर गेले, पँट दुमडली आणि रहाटावर उभे राहिले. दिवसभर पाणी शेंदलं. बायका आधी लाजल्या, मग हसल्या, मग त्यांनी रांगच लावली. "सर, मपला बी हंडा भरा. सर, येवढी कळशी." सोमवारी भोरांना मस्टरवर सही करता येईना, तळहातांना फोड आलेले. पण वहीत नवीन मजकूर होता. चाळीस मिनिटं एका खेपेची, खेपा चार, आणि त्यातल्या तीन खेपा घरातल्या थोरल्या मुलीच्या, म्हणून ती सकाळच्या शाळेला कधीच वेळेवर नसते. बाईंनी ते वाचलं आणि समासात काहीही न लिहिता वही परत दिली. भोर सर तो कोरा समास कितीतरी दिवस लोकांना दाखवत होते.

एकदा पुण्याहून आलेले एक भूजलाचे जाणकार आणि आमच्याकडचे विहिरी खोदणारे एक म्हातारे बाबा यांची एका कोरड्या विहिरीच्या तळाशी जुंपली. साहेब इंग्रजीत खडकाची जात सांगत होते. बाबा म्हणत होते, "तुमचं काय बी आसंल साहेब, पर हा मांजऱ्या दगड हाय, ह्यो पानी धरतो." बाई पदर खोचून शिडीनं खाली उतरल्या. त्यांनी दोघांनाही एकेक खडू दिला. "ज्याला तुम्ही जे म्हणता, त्या थराशी रेघ ओढा." दोघांच्या रेघा वीतभर अंतरानं एकाच जागी आल्या. बाई वर आल्या आणि छत्री झटकत मला म्हणाल्या, "बघा. दगड एक, पाणी एक. भांडण मात्र दोन पगारांचं."

मुलांना त्या भल्या सकाळी टेकडीवर न्यायच्या. दुपारच्या उन्हात सगळं रान सपाट दिसतं, म्हणायच्या, ऊन तिरपं असताना बघायचं. आणि खरंच, सूर्य नुकता वर आलेला असला की बुजलेले ओढे, मोडलेले बांध, कधीकाळची गाडीवाट, सगळं नांगरलेल्या रानात सावल्यांनी उमटायचं. "मिटवलेलं मिटत नाही रे," त्या मुलांना सांगायच्या. "तिरपं बघायला लागतं." हे वाक्य मी टेकडीवर पन्नास वेळा ऐकलं असेल. ते माझ्यासाठी आहे हे मला फार उशिरा समजलं.

आता खडकवस्तीकडे येतो.

लोणीच्या पुढं, माळाच्या उतारावर वीस-बावीस घरांची ती वस्ती. बहुतेकांची आता थोडीफार शेती आहे. चार-पाच घरांत अजून मेंढरं आहेत. दिवाळीनंतर पुरुष माणसं मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. वस्तीला दोन विहिरी. वरची जुनी, गाळानं भरलेली, पावसाळ्यात घरोघर तिचंच पाणी. खालची नवी, ऐन उन्हाळ्यातही पाणी असलेली. नळाची टाकी भरायची तर खालचीच घ्यावी, असं सगळ्यांचं मत. फक्त त्या पाण्याचा दाखला हवा होता. तो द्यायचं काम माझं.

मी वैशाखात नमुना घेतला. पाणी चांगलं निघालं. थोडं जड, बाकी काही वावगं नाही. जंतूही नव्हते.

वस्तीवर हौसाबाई म्हणून एक मावशी आहेत. कपाळावर गोंदण, आवाज खणखणीत. घरची मेंढरं आणि वस्तीचा शब्द, दोन्ही त्यांच्या हातात. बाईंचं आणि त्यांचं पहिल्या भेटीतच जमलं. बाई आमच्याशी पुस्तकी बोलायच्या, पण वस्तीवर गेल्या की त्यांची भाषा आपोआप बदलायची. माझं उलट व्हायचं. वस्तीवर मी जास्तच शुद्ध बोलायचो.

त्या दिवशी हौसाबाई म्हणाल्या, "बाई, खालच्या हिरीचं एक हाये. मपली मेंढरं भादव्या-आश्विनात तिला तोंड लावीत न्हाईत. पान्यापशी जात्यात, वास घेत्यात अन् मागं फिरत्यात."

"तहानेली असली तरी?"

"तानेनं जीभ भाईर आली तरी बी. तवा वरच्या हिरीवर न्यावं लागतं."

"का बरं?"

"त्ये आमाला काय ठावं? तुमी शिकल्याली मान्सं, तुमी बगा. पर कागदात घाला त्ये. आमचं कुनी घालीत न्हाई."

"घालते," बाई म्हणाल्या. "शब्द देते तुम्हाला."

मग हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "पावणं, तुमचं गाव कंचं?"

"डिंगोरे."

"नाव?"

"बरकडे."

"बरकडे!" त्यांचा चेहरा खुलला. "मंग तुमी आमच्यातलंच की. तुमच्या घरी बी मेंढरं आसत्याल."

"नाही," मी म्हणालो. "आमची शेती आहे. पहिल्यापासून."

माझ्या आजोबांची चाळीस मेंढरं होती. मी सहावीत असेपर्यंत होती. शाळेत माझ्या शर्टाला लेंड्यांचा वास येतो म्हणून मुलं मला खिडकीपाशी बसवायची. आजोबांनी मेंढरं विकली तेव्हा घरात फक्त मला आनंद झाला होता. पुढं शिकलो, नोकरी लागली, अंगावर पांढरा कोट आला. त्या कोटाच्या आत ते सगळं बुजून गेलं, असं मी धरून चाललो होतो.

त्या शनिवारी माझी वही बाईंकडे होती. परत आली तेव्हा खालच्या विहिरीच्या निष्कर्षाशेजारी, समासात, त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिलेलं होतं: कळलं नाही. मेंढरं पावसाळ्यानंतर इथं तोंड का लावत नाहीत? हौसाबाईंना पुन्हा विचारा.

अहवाल सोमवारी द्यायचा होता. मी रविवारी प्रयोगशाळेत एकटाच बसून पक्की प्रत करत होतो. माझ्यापुढं नीट आकडे होते. आणि शेजारी मेंढरं. मला वाटलं, हे वर पुण्याला जाईल, कुणीतरी वाचेल आणि विचारेल, हे बरकडे कोण? मेंढरांना विचारून पाण्याचा दाखला देणारे? आजही लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरोखर तो खिडकीपाशीचा बाक दिसला. मी रबर घेतलं. आणि पक्क्या प्रतीत लिहिलं: खालच्या विहिरीचं पाणी पिण्यास बारमाही योग्य.

एका महिन्याचं पाणी बघितलं होतं आणि 'बारमाही' लिहिलं.

सोमवारी बाईंना परीक्षेचं काम होतं. जिन्यात उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "सगळं बघितलंत ना? वहीतलं काही राहिलं नाही ना?" मी म्हणालो, "हो बाई." त्यांनी अंबाड्यातल्या पेन्सिलीला हात घातला, मग हसून माझं पेन मागितलं आणि सही केली. पहिली सही त्यांची, कारण कामाच्या प्रमुख त्या.

त्यांनी शेवटचं पान वाचलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला.

नळ आले. गणपती झाले. भाद्रपद सरता सरता खडकवस्तीत घरोघर उलट्या आणि जुलाब सुरू झाले. हौसाबाईंची तीन वर्षांची नात पाच दिवस मंचरला दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडायचंही सोडलं होतं. वाचली. पण त्या पाच दिवसांत हौसाबाईंचे केस पांढरे झाले, असं वस्तीवर सांगतात.

मी पुन्हा नमुना घेतला. तीच विहीर, तोच हात, तीच बाटली. पाणी पिण्याच्या लायकीचं नव्हतं.

बाईंनी स्टाफरूममधल्या मोठ्या टेबलावर कागद पसरला आणि आम्हाला बसवलं. त्या दुपारी जे बाहेर आलं ते कुणालाच नवीन नव्हतं, म्हणून जास्त लागलं. वरच्या अंगाला कांद्याच्या रानात कोंबडीखताचे ढीग आषाढापासून पडतात, हे भोरांना माहीत होतं, कारण खताचे ट्रक कधी आणि कुणाकडे येतात ते त्यांच्या वहीत होतं. खाली कठीण खडक आहे आणि त्याचा उतार थेट त्या विहिरीकडे आहे, हे बाईंना माहीत होतं. खताचं पाणी विहिरीत उतरलं तर काय होतं, हे मला माहीत होतं. आणि ते नेमकं कधी उतरतं हे हौसाबाईंच्या मेंढरांना माहीत होतं. मेंढरं वैशाखात परतीच्या वाटेवर असतात. मी भाद्रपदात पेपर तपासत असतो. ती आणि मी एकाच विहिरीवर वेगवेगळ्या महिन्यांत होतो, इतकंच. दोघंही खरं सांगत होतो. आमची गाठ घालून देणारी एकच ओळ होती.

बाईंनी माझी वही मागितली नाही. मी वही पिशवीतून काढली नाही.

मग बाई स्वतःहून ग्रामसभेला गेल्या. समाजमंदिरात सगळी वस्ती जमली होती. मी नकाशाची गुंडाळी धरून त्यांच्या मागं उभा होतो. हौसाबाई उठल्या. ओरडल्या नाहीत.

"बाई, मेंढरांनी न्हाई म्हटलं व्हतं. म्या तुमाला सांगितलं व्हतं. मंग नळ आलं तवा म्या म्हटलं, मेंढरं खुळी आसत्याल, कालिजानं लिवून दिलंय. म्या मपल्या हातानं पोरीला पानी पाजलं. तुमी शब्द दिल्ता. कागदातून मपली मेंढरं कुटं गेली?"

बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलंही असतं, तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. ते खरं नाही. त्या समोर बघत होत्या. म्हणाल्या, "कागदावर सही मपली हाये, हौसाबाई. चूक मपली."

माझ्या हातातली नकाशाची गुंडाळी चुरगळून गेली होती.

त्यानंतर दुसरं कुणी असतं तर त्या वस्तीवर पाऊल टाकलं नसतं. बाई पुढच्याच आठवड्यात गेल्या. वरच्या विहिरीचा गाळ काढायचं ठरवलं, आणि पहिली पाटी त्यांनी उचलली. खताचे ढीग हलवायला तिथले शेतकरी तयार नव्हते. तेव्हा भोर सर त्यांच्याशी तीन बैठका बसले. "तुमचं निम्मं खत पावसात वाहून शेजारच्या हिरीत जातंय राव," असं त्यांच्याच भाषेत म्हणाले, तेव्हा कुठं ढीग उताराच्या दुसऱ्या अंगाला गेले. दर दोन महिन्यांनी दोन्ही विहिरींचं पाणी तपासायचं ठरलं. त्याचा तक्ता बाईंनी आखला. त्यात माझे आकडे, पावसाचे आकडे, खत कधी पडलं ते, आणि शेवटचा रकाना: मेंढरं प्याली का?

पुण्याचे एक साहेब तो रकाना बघून हसले. बाई म्हणाल्या, "हसा. पण खोडू नका."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

दर दोन महिन्यांनी आम्ही जायचो. हौसाबाईंच्या ओट्यावर बसायचं. मेंढरं कधी प्याली, कधी नाही, ते त्या नीट सांगायच्या, तक्ता भरू द्यायच्या. माहिती कधी अडवली नाही. पण चहा यायचा तो मोजून. भोर सरांना कप, मला कप, जीपच्या ड्रायव्हरला कप. बाईंना नाही. शिव्या नाहीत, टोमणा नाही, फक्त ताटलीत एक कप कमी. बाई पिशवीतून आपला पेला काढायच्या, वरच्या विहिरीचं पाणी घ्यायच्या आणि आमचा चहा होईपर्यंत ते घोट घोट पीत बसायच्या. पहिल्यांदा मी माझा कप त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो माझ्याकडे परत सारला. "तो तुम्हाला दिलाय, बरकडे." नंतर मी सरकवणंही सोडलं. माणूस कशालाही सरावतो.

भोर सर एकदा परत येताना जीपमध्ये चिडले. "बाई, तुम्ही कशाला जाता इथं अपमान करून घ्यायला? आम्ही भरून आणतो तक्ता."

"अपमान कसला? त्यांचं बरोबर आहे."

"पण सहा-सहा वर्षं?"

"पाणी गाळून खाली उतरायला किती वर्षं लागतात, माहीत आहे का भोर तुम्हाला?"

विषय संपला. पुढचा रस्ताभर त्या ड्रायव्हरला कुठल्या शेताखालून जुना ओढा जातो ते दाखवत होत्या.

निवृत्त झाल्यावरही त्या येत राहिल्या. गेल्या पावसाळ्याच्या आधी त्यांची प्रकृती ढासळली. त्यांनी मला वारूळवाडीला बोलावलं. कामाच्या सगळ्या वह्या त्यांच्याकडे जमा होत्या. त्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यायच्या होत्या, यादी करायची होती. चार वाजले असतील. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी एकेक वही उघडून नाव लिहीत होतो. माझी ती वही हातात आली. मी ती न उघडता नाव लिहायला लागलो.

"उघडा की," बाई खाटेवरून म्हणाल्या. "खडकवस्तीचं पान. आता उन्हात तिरपं धरा."

मी धरलं. समास कोरा होता. आणि त्या कोऱ्या समासात, उन्हानं सावली टाकली तसा, अक्षरांचा चर उमटला. कळलं नाही. मेंढरं पावसाळ्यानंतर इथं. सगळं वाचता येत होतं.

"मी दाबून लिहिते," बाई म्हणाल्या.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"ग्रामसभेच्या आदल्या दिवसापासून. तुम्ही वर्गावर होतात. वही टेबलावर होती."

मी खाली बसलो. काय काय बोललो ते आठवत नाही. आजोबांचं सांगितलं, खिडकीपाशीच्या बाकाचं सांगितलं, हे नक्की. रडलो हेही नक्की. बाईंनी ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही? चूक माझी होती."

"दोन चुका होत्या, बरकडे. तुम्ही ओळ खोडली आणि मी न वाचता सही केली. माझी मी सांगून टाकली. तुमची मी कशी सांगणार?"

"बाई, मला माफ करा."

"ती पोर माझी नात नव्हती," बाई म्हणाल्या. अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी माझ्यापुढं धरली. "आधी ती ओळ होती तिथं लिहा. मग उद्या जाऊ."

मी त्या चरावरून पेन्सिल फिरवली. मुळाक्षरं गिरवणाऱ्या मुलासारखं. चरातून पेन्सिल बाहेर जात नव्हती.

"तुम्ही कशाला येता? दगदग होईल," मी म्हणालो.

"रकाना भरायचा राहिलाय ह्या महिन्याचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना रिक्षानं नेलं. वस्तीच्या अलीकडे एक बाभूळ आहे. तिथं त्यांनी रिक्षा थांबवली, छत्री टेकत उतरल्या आणि म्हणाल्या, "पुढं तुम्ही." मी थोडं चालून मागं बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी मुद्दाम पाठ केली होती. छत्री काखेत, खेळाचे बूट धुळीत, आणि नजर वरच्या विहिरीकडे. ऊन तिरपं होतं. माझ्या मनात बाई आहेत त्या अशा आहेत. दुसऱ्याच्या लाजेकडे पाठ करून उभ्या असलेल्या. त्या दिवसानंतर बाई पुन्हा वस्तीवर गेल्या नाहीत.

हौसाबाई मेंढरांच्या जाळीपाशी झाडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या पावणं. आज येवढ्या बिगी? बसा, च्या ठिवते."

मी वाटेत पुस्तकी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. जे आलं ते आजोबांचं होतं.

"च्या नगं मावशी. आदी आयका. मेंढरांचं तुमी सांगितल्यालं बाईंनी लिवलं व्हतं. मपल्याच वहीत. म्या त्ये खोडलं. सही केली तवा बाईंना ठावं बी नव्हतं. तुमची नात दवाखान्यात गेली ती मपल्यापायी, बाईंच्यापायी न्हाई. अन् आणखी एक. तुमी इचारलं व्हतं, घरी मेंढरं व्हती का. व्हती. मपल्या आज्याची चाळीस मेंढरं व्हती. म्या खोटं बोल्लो. चुकलो मी, मावशी. सहा वरसं तुमच्या दारात बसून च्या पेलो अन् गप ऱ्हायलो. बाई तिकडं बाभळीखाली उभ्या हायेत. त्यास्नी च्या द्या. मला नगं."